सव्वातीनशेचं शिखर, दोनशेतीसची ओळख

बंद पडून महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडलेला मोबाइलचा चार्जर उघडला, की आत बोटाच्या पेराहून लहान अशी एक नळकांडी दिसते. तिच्यावर बारीक छपाईत लिहिलेलं असतं: ४०० व्ही. हा कपॅसिटर. चार्जर लागतो तो घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला, आणि फोनला देतो जेमतेम पाच व्होल्ट. मग मधल्या या एवढ्याशा तुकड्याला ४०० व्होल्ट सोसायची ताकद कशाला हवी?

कारण सॉकेटमध्ये सेकंदाला शंभर वेळा सव्वातीनशे व्होल्ट येऊन जातात. आणि सेकंदाला शंभर वेळा तिथे काहीही नसतं. चार्जरमधले डायोड उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला वळवतात, आणि कपॅसिटर त्या विजेच्या सर्वांत उंच टोकापर्यंत भरतो. ते टोक ३२५ व्होल्टवर असतं. पुरवठा दहा टक्क्यांनी चढला आणि २३०चे २५३ झाले, तर टोक ३५८वर जातं. म्हणून ४००.

मग २३० हा आकडा आला कुठून? पंख्याच्या मागच्या पट्टीवर, मिक्सरच्या बुडाला, सगळीकडे तोच असतो. सॉकेटमधला विजेचा दाब तर त्या आकड्यावर क्षणभरही थांबत नाही. जाताना आणि येताना नुसता त्याला ओलांडून जातो. जो दाब कधी टिकतच नाही, त्याच्या नावाने सगळ्या देशाची वीज ओळखली जाते. या एका आकड्यात केवढं शहाणपण भरलेलं आहे, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात चाकापासून करावी लागते. १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्यातलं चुंबकत्व बदलत राहिलं की तारेत वीज निर्माण होते. चुंबकत्व सतत बदलत ठेवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे चुंबक फिरवणं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात वाफेच्या जोरावर फिरणारा रोटर हेच करतो. तो स्वतः एक अजस्र विद्युतचुंबक असतो आणि मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. कोयनेच्या पाण्यावर चालणारी यंत्रं त्याहून बरीच सावकाश फिरतात, पण त्यांच्या रोटरवर चुंबकीय ध्रुवांच्या जोड्या जास्त असतात, त्यामुळे तारेला जाणवणारा ठेका तोच राहतो: सेकंदाला ५० आवर्तनं, एकेक २० मिलिसेकंदांचं.

फिरणाऱ्या चाकाच्या कडेला एक खूण करावी आणि आसाच्या पातळीपासून ती खूण दर क्षणी किती उंच किंवा किती खाली आहे, ते कागदावर उतरवत जावं. जी रेघ उमटेल, तीच साइन लाट. तारेतला दाब याच उंचीने चढतो आणि उतरतो: शून्यापासून ३२५पर्यंत वर, परत शून्य, मग उलट दिशेला ३२५, पुन्हा शून्य. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजलं तर ६५० व्होल्ट. जनित्राची वेटोळी खाचांमध्ये विशिष्ट अंतराने पसरून बसवतात, ती ही रेघ जितकी निर्मळ काढता येईल तितकी काढण्यासाठीच.

आता या उंचीचा हिशेब. तो विजेच्या किती तरी आधी, इ. स. ४९९मध्ये, तेवीस वर्षांच्या आर्यभटाने मांडून ठेवला होता. ग्रहांच्या जागा काढायला त्याला वर्तुळातल्या अर्ध्या ज्यांची, म्हणजे आपल्या खुणेच्या उंचीचीच, लांबी हवी होती. त्याने वर्तुळाचा चतुर्थांश चोवीस समान भागांत विभागला, त्रिज्या ३,४३८ धरली, आणि प्रत्येक भागाला ज्या किती वाढते, ते चोवीस आकडे एकाच श्लोकात बसवले. पहिला आकडा २२५, दुसरा २२४, मग २२२, २१९, २१५ असे ते घटत जातात. शेवटचे तीन ३७, २२ आणि ७. सगळ्यांची बेरीज ३,४३८.

हा तक्ता घरातल्या सॉकेटला लावून पाहावा. शून्यापासून शिखरापर्यंत चढायला दाबाला पाच मिलिसेकंद लागतात. त्याचे चोवीस भाग केले, तर प्रत्येक पायरी मिलिसेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शाची. पहिल्या पायरीत दाब २१ व्होल्टने उसळतो. दुसऱ्या पायरीतही जवळपास तेवढाच. बाराव्या पायरीपर्यंत ही वाढ साडेपंधरावर आलेली असते. शेवटच्या सहा पायऱ्या मिळून जेमतेम २५ व्होल्ट चढतात, आणि अगदी शेवटची पायरी एका व्होल्टचा दोन-तृतीयांश. याचा अर्थ असा, की दाब शून्याजवळून झपाट्याने निघून जातो आणि शिखराशी रेंगाळतो. अठराव्या पायरीवरच तो ३००ला पोहोचलेला असतो. म्हणजे आपल्या भिंतीतल्या तारेत एकूण वेळेच्या चतुर्थांश काळ ३००हून जास्त व्होल्ट असतात. दीड हजार वर्षांपूर्वीचा ग्रहगणिताचा तक्ता स्वयंपाकघरातल्या सॉकेटचं असं पायरी-पायरीने वर्णन करतो, हे मला कितीही वेळा आकडेमोड केली तरी थक्क करतं.

आता एवढ्या हलत्या गोष्टीला एकच आकडा द्यायचा. सरासरी काढली तर शून्य येते, कारण जितकं वर तितकंच खाली. शिखराचा आकडा द्यावा, तर तो चार्जरमधल्या कपॅसिटरला उपयोगी, पण पाणी किती तापेल ते सांगत नाही. जुन्या काळी प्रश्न व्यवहाराचा होता. बॅटरीची, एका दिशेने वाहणारी डीसी वीज लोकांना ठाऊक होती. शंभर व्होल्ट डीसीने तार जेवढी तापते, तेवढीच तापवणाऱ्या, उलटसुलट वाहणाऱ्या एसीला काय म्हणायचं? तिलाही शंभरच म्हणायचं, असं ठरलं. आपला आकडा उष्णतेने ठरलेला आहे.

आणि उष्णतेचा नियम वर्गाचा आहे. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स जूलने मोजून सांगितलं, की तारेत निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दुप्पट, तर प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट. वर्ग केला की उणे चिन्ह गळून पडतं, त्यामुळे वीज कुठल्याही दिशेने वाहो, इस्त्री तापतेच. हजार वॉटची साधी इस्त्री घ्या. दाब शून्यावर असतो त्या क्षणी ती काहीच घेत नाही. दाब शिखरावर असतो तेव्हा ती २,००० वॉट घेते. सेकंदाला शंभर वेळा शून्य ते दोन हजार असा हा खेळ चालतो, आणि त्याची सरासरी बरोबर एक हजार येते.

बरोबर निम्मीच का? इथे गणित फार देखणं आहे. आर्यभटाच्या तक्त्यातली आठवी ज्या घ्या: १,७१९. तिचा जोडीदार शेवटापासून आठ पायऱ्या मागे, म्हणजे सोळावी ज्या: २,९७८. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा, त्रिज्येचा वर्ग मिळतो (आकडे पूर्णांकात असल्यामुळे शेवटी अगदी थोडा फरक राहतो). सातवी आणि सतरावी, तिसरी आणि एकविसावी, कोणतीही अशी जोडी घ्या, बेरीज तीच. का, तर काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू आणि कर्ण यांचंच हे नातं आहे. लाटेवरच्या प्रत्येक ठेंगण्या क्षणाला एक उंच क्षण जोडीदार मिळतो आणि दोघांच्या वर्गांची बेरीज कायम शिखराच्या वर्गाएवढी भरते. मग एकेकाच्या वाट्याला सरासरीने निम्मं येणारच. शिखराच्या वर्गाचं निम्मं घेऊन त्याचं वर्गमूळ काढलं, की उष्णतेच्या हिशेबाने खरा दाब मिळतो. ३२५ला दोनच्या वर्गमूळाने, १.४१४ने, भागलं की २३०. इंजिनिअर याला आरएमएस म्हणतात: वर्ग करा, सरासरी घ्या, मूळ काढा.

बारावी ज्या मात्र या खेळात एकटी उरते, कारण तिचा जोडीदार तीच. तिची किंमत २,४३१. तिला ३,४३८ने भागा आणि ३२५ने गुणा: २२९.८. म्हणजे चढाची वेळ अर्धी झाली, बरोबर अडीच मिलिसेकंद सरले, की दाब २३०वर असतो. त्यातून आणखी एक गोष्ट आपसूक निघते. लाट निम्मा वेळ २३०च्या खाली असते आणि निम्मा वेळ २३०च्या वर. शाळा-कॉलेजात हे सूत्र एका ओळीत उतरवून देतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाच मिनिटं जास्त दिली, तर मुलांना त्या १.४१४च्या आतला त्रिकोण दिसेल.

सेकंदाला शंभर वेळा होणारी ही उघडझाप डोळ्यांनी आणि कानांनीही पकडता येते. गणपतीच्या मखराला लावतात त्या स्वस्त एलईडीच्या माळा अंधारात लावाव्यात, लांब उभं राहावं आणि नजर झटकन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे न्यावी. दिव्याची सलग रेघ दिसायच्या जागी तुटक ठिपके दिसतात. ज्या माळेत एलईडी थेट विजेवर एकाच दिशेने जोडलेले असतात, ती लाटेच्या वरच्या अर्ध्या भागातच पेटते आणि खालच्या अर्ध्यात विझते, म्हणून ते ठिपके सेकंदाला ५०. चांगल्या, आत सर्किट असलेल्या दिव्यांत हे दिसत नाही.

कानांसाठी गल्लीतली डीपी आहे. रात्री रहदारी थांबली की तिच्या ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं स्पष्ट ऐकू येते. आतला लोखंडी गाभा चुंबकत्व चढलं की सूक्ष्म प्रमाणात लांबी बदलतो, उतरलं की पूर्ववत होतो. चुंबकत्व कुठल्या दिशेचं आहे याच्याशी लोखंडाला देणंघेणं नसतं, म्हणून ५० आवर्तनांच्या विजेतून १०० कंपनांचा सूर निघतो. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याचा खरज साधारण ९८ कंपनांचा असतो. म्हणजे गावोगावच्या डीप्या रात्रभर त्या खरजाच्या अगदी जवळचा सूर धरून असतात.

आता वायरमनच्या हातातल्या मीटरकडे येऊ. लाल-काळ्या पिनांचा, काही शे रुपयांचा मल्टिमीटर सॉकेटला लावला की २३० दाखवतो. पण तो उष्णता मोजत नाही, वर्गही करत नाही. तो फक्त लाटेचा खालचा अर्धा भाग वर उलटवतो आणि साधी सरासरी घेतो. ती येते २०७. मग आतली रचना तिला १.११ने गुणते आणि पडद्यावर २३० येतात. हा १.११ फक्त साइन लाटेचा आहे. मीटर गृहीत धरून चालतो, की समोर येईल ती लाट साइनच असेल.

लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी आलेल्या स्वस्त इन्व्हर्टरांनी हे गृहीतक मोडलं. त्यातले काही चौकोनी लाट देतात: दाब एकदम वर, तिथेच सपाट, मग एकदम खाली. २३० व्होल्टच्या अशा लाटेची सरासरीही २३०च असते, आणि मीटर तिला १.११ने गुणून २५५ दाखवतो. दुसऱ्या प्रकारचे इन्व्हर्टर ३२५ व्होल्ट देतात, पण निम्माच वेळ, मधे शून्यावर थांबून. उष्णतेच्या हिशेबाने ते पुरे २३० आहेत, बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, आणि मीटरवर १८०. अशा वेळी इन्व्हर्टर बिघडला म्हणून तो दुरुस्तीला नेण्याआधी मीटरवर 'ट्रू आरएमएस' लिहिलंय का, ते पाहावं. ते लिहिलेला मीटर लाटेचे बारीक बारीक नमुने घेऊन खरोखर वर्ग, सरासरी, मूळ हा हिशेब करतो, किंवा त्याच कामाचं खास सर्किट त्यात असतं. गंमत म्हणजे कारखान्याच्या पॅनेलवरचे काट्याचे जुने मूव्हिंग आयर्न मीटर हे काम कसल्याही चिपशिवाय करत आले आहेत. त्यांच्यातला लोखंडाचा तुकडा ज्या जोराने ढकलला जातो, तो जोरच प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

प्रवाह मोजताना ही चूक जास्त महागात पडते. चार्जर, टीव्ही, संगणक हे सगळे लाटेच्या शिखरापाशीच घोट घेतात, बाकी वेळ गप्प असतात. असा टोकदार प्रवाह सरासरी घेणाऱ्या क्लॅम्प मीटरला खूप कमी वाटतो, तार मात्र खऱ्या वर्गाप्रमाणे तापत राहते. ऑफिसच्या वायरिंगचा भार तपासणाऱ्याने साध्या क्लॅम्पवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. लाखो उपकरणं एकाच क्षणी शिखरावर तुटून पडत असल्यामुळे शहरातल्या विजेच्या लाटेचा माथाही आताशा थोडा चपटा झालेला आढळतो. ऑसिलोस्कोपवर तो स्पष्ट दिसतो.

डीपीवरच्या कवटीखाली लिहिलेलं असतं '४४० व्होल्ट, धोका'. घरात २३०, मग खांबावर चारशेच्या वरचा आकडा कुठून? जनित्रात वेटोळ्यांचे तीन संच एकमेकांपासून एक-तृतीयांश फेऱ्याच्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तीन लाटा, म्हणजे तीन फेज, एकामागोमाग निघतात. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०, पण दोन फेजमध्ये दोन्ही लाटांचा फरक: तीनच्या वर्गमूळाच्या, १.७३२च्या पटीत, म्हणजे सुमारे ४००. त्याचं शिखर ५६३. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करेल असाच बनवलेला असतो, म्हणजे फेजला २५०. पुढे तारांमध्ये दाब गळत जातो, म्हणून ही आधीच ठेवलेली शिल्लक. डीपीशेजारच्या घरातले बल्ब लवकर जातात आणि वस्तीच्या टोकाच्या घरातला पंखा मंद फिरतो, ही तक्रार इथूनच येते.

तीन फेजची खरी किमया वर्गांत आहे. तिन्ही लाटांचे वर्ग कुठल्याही क्षणी घेऊन बेरीज करा, ती शिखराच्या वर्गाच्या बरोबर दीडपट येते. दर क्षणी तेवढीच, न चढता, न उतरता. एकट्या लाटेवरची इस्त्री शून्य ते दोन हजारांत हेलकावत होती. तीन फेजवर चालणाऱ्या गावच्या पिठाच्या गिरणीच्या मोटारीला मात्र अखंड, एकसारखी शक्ती मिळते. घरघंटीच्या सिंगल फेज मोटारीची थरथर आणि मोठ्या गिरणीच्या मोटारीची सरळ घरघर यांत हा फरक हाताला लागतो.

मोठ्या वाहिन्यांवर हे सगळे आकडे एकत्र येतात. रायचूर ते सोलापूर ही वाहिनी ७६५ किलोव्होल्टची. हा आकडा दोन फेजमधला आणि आरएमएसचा. एक तार जमिनीच्या तुलनेत पाहिली तर १.७३२ने भागून ४४२ किलोव्होल्ट, आणि तिचं शिखर १.४१४ने गुणून ६२५. मनोऱ्यावर टांगलेल्या इन्सुलेटरच्या माळेला उष्णतेच्या हिशेबाचं काही नसतं; तिला सेकंदाला शंभर वेळा ६२५ किलोव्होल्ट अडवायचे असतात. मुंबईच्या लोकलच्या वरच्या तारेवर १९२५मध्ये १,५०० व्होल्ट डीसी आले, तेव्हा शिखर आणि रोजचा दाब एकच होता. आता तिथे २५,००० व्होल्ट एसी आहेत आणि शिखर ३५,०००च्या पुढे.

रायचूर-सोलापूर वाहिनीचं महत्त्व आणखी वेगळं आहे. २०१३पर्यंत दक्षिणेची वीज आणि उरलेल्या देशाची वीज दोन्ही ५०च्या आसपासच होत्या, पण त्यांच्या लाटा एका ठेक्यात नव्हत्या. एकीचं शिखर असताना दुसरी दरीत असू शकते, आणि त्या क्षणी स्विच जोडला तर त्याच्या दोन टोकांत शिखराच्या दुप्पट दाब उभा राहील. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला एक केंद्र बांधलं, जिथे एका बाजूची एसी डीसी करून लगेच दुसऱ्या बाजूच्या ठेक्यात पुन्हा एसी केली जाते. ३१ डिसेंबर २०१३ला सोलापूरच्या वाहिनीने दोन्ही लाटा थेट जोडल्या. दाब, वारंवारता आणि शिखराची वेळ, तिन्ही जुळल्यावरच असा जोड देता येतो.

तेव्हापासून चंद्रपूरचा रोटर आणि तामिळनाडूत नेयवेलीचा रोटर एकाच तालात फिरतात. ग्रिडसाठी सेकंदाला ४९.९० ते ५०.०५ आवर्तनं एवढीच मोकळीक धरलेली आहे. मिनिटाच्या फेऱ्यांत सांगायचं तर २,९९४ ते ३,००३. संध्याकाळी नागपूर, पुणे, चेन्नईत एकदम दिवे लागले, की देशभरचे रोटर मिळून किंचित जड होतात, लाट कणभर लांबते, नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरचा आकडा खाली सरकतो, आणि सह्याद्रीच्या पोटात कोयनेच्या यंत्रांवर पाणी वाढवलं जातं.